देवीचा एक आणा आणि हॉलंडची कंपनी

"सर, देवीचा पासपोर्ट कुणाकडे असतो?"

सृष्टी संधानने हा प्रश्न विचारला आणि गंगापूर रोडवरच्या सीए भारत सरांच्या ऑफिसात एसीची घरघर एकदम मोठी वाटायला लागली. पप्पांनी कपाळाला हात लावला. शेखरकाका खिडकीबाहेर असा बघायला लागला, जणू समोरच्या मेडिकलची पाटी आज पहिल्यांदाच वाचतोय. मम्मीने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. पर्समध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं.

प्रश्न खरं म्हणजे सृष्टीचा नव्हताच. आदल्या दिवशी शाळेच्या बसमध्ये तिने रोशनी आणि भाग्यश्रीला सांगितलं होतं, की आमच्या धंद्यात देवी पार्टनर आहे आणि आता आम्ही हॉलंडला जागा घेतोय. भाग्यश्री म्हणाली, "मग देवीला पासपोर्ट लागेल ना गं?" रोशनी म्हणाली, "विचारून दाखव सीएला. घरच्यांसमोर. अजिबात न हसता." वर्षभरापूर्वीची सृष्टी असती तर विषय बसमध्येच संपला असता. त्या सृष्टीला कॅन्टीनमध्ये चटणी जास्त मागायची तरी दुसऱ्या कुणाला पुढे करावं लागायचं. पण ऑगस्टमध्ये तिने आंतरशालेय वादविवाद स्पर्धा जिंकली, आणि त्या दिवशी जे तोंड उघडलं ते आता झोपेतच काय ते मिटतं, असं मम्मीचं म्हणणं होतं. त्यात गेल्या महिन्यात ती अठराची झाली. बारावीत असली म्हणून काय झालं, मतदार तर झालीच होती.

भारत सर मात्र हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"दीपकराव, तुमच्या मुलीने पहिला कामाचा प्रश्न विचारला. तासभर मी तेच कसं विचारावं म्हणून थांबलोय."

सृष्टीची मान आपोआप दोन इंच वर गेली.

गोष्ट अशी होती. पिंपळगाव बसवंतला हायवेलगत संधानांचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं. जानेवारी ते एप्रिल तिथे बायका माळेत ओवल्यासारख्या रांगेत बसून घड छाटायच्या, निवडायच्या, डब्यांत भरायच्या, आणि कंटेनर निघायचे थेट हॉलंडला. तिथे बंदराजवळ दुसऱ्याच्या कोल्ड स्टोअरमध्ये भाड्याचा एक कोपरा मिळायचा. त्या दुसऱ्याचा स्वतःचा माल जास्त आला की संधानांची द्राक्षं बाहेर आणि घरी पप्पांचं रक्तदाबाचं मशीन कपाटाबाहेर. यंदा तिथल्या ओळखीच्या एजंटाने बंदराजवळचं एक लहानसं, थंड खोलीसकट गोदाम दाखवलं होतं. दोघा भावांना ते पसंत पडलं. फक्त घ्यायचं कुणाच्या नावावर, एवढंच ठरायचं होतं. "एवढंच" म्हणून ते सीएकडे आले होते, आणि एवढ्यात चहा तीनदा झाला होता.

"पुन्हा एकदा सांगतो," भारत सर म्हणाले. "पहिला रस्ता. गोदाम तुम्हा दोघांच्या नावावर."

"हेच बरं," शेखरकाका म्हणाला. "आपलं नाव, आपलं कुलूप."

"घ्या की. पण मग जागा तुमची आणि माल फर्मचा, तर भाडं कोण कुणाला देणार? आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर वारसाचे कागद इकडे वेगळे, तिकडे वेगळे. तिथल्या वकिलाला तुमचा सातबारा वाचता येत नाही."

"इथल्यालाही येत नाही," पप्पा म्हणाले.

"दुसरा रस्ता, तुमची फर्म. पण फर्म आहे कुठे?"

शेखरकाकाने मोठ्या आदबीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक स्टॅम्प पेपर काढला. सृष्टीच्या आजोबांनी, सावळीरामांनी, वीस वर्षांपूर्वी तो लिहून घेतला होता. कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. दरवर्षी दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. त्याची नोंदणी तेवढी कधी झाली नव्हती, कारण ती करायची असते हे कुणाला सुचलंच नव्हतं.

"बँक ह्या कागदावर परदेशात एक रुपया पाठवणार नाही," भारत सर म्हणाले. "म्हणून तिसरा रस्ता. इथे एक प्रायव्हेट लिमिटेड काढू. तिच्या पोटी हॉलंडला एक छोटी कंपनी. आणि गोदाम त्या छोट्या कंपनीच्या नावावर."

"म्हणजे नातवाच्या नावावर," शेखरकाका म्हणाला.

"अगदी बरोबर. पण आजोबा कोण ते लिहावं लागेल. इथल्या कंपनीत कुणाचा किती हिस्सा? तुमच्या कागदात लिहिलंय, दीपक साडेसात आणे, शेखर साडेसात आणे, आणि," भारत सरांचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं, "श्री देवी, एक आणा."

"गडावरची," पप्पांनी खुलासा केला, जणू कुठली देवी एवढाच प्रश्न राहिला होता.

हा आणा संधानांच्या घरात काही गमतीचा विषय नव्हता. आजोबांनीच तशी वाटणी लावून दिली होती. देवीच्या आण्यातून दर चैत्रात गडावर पायी जाणाऱ्यांना ताक, केळी आणि पायाला लावायला मलम मिळायचं. एकदा द्राक्षं गारपिटीत गेली, त्या वर्षीही मिळालं होतं.

"देवीचा पासपोर्ट नाही, पॅन नाही," भारत सर म्हणाले. "ट्रस्ट करता येईल. पण त्याचे कागद, मग तिकडच्या बँकेचे प्रश्न. वर्ष जाईल. तुमचा माल जानेवारीत निघणार. हिस्सा एक आण्याचा असला तरी कागदावर माणूस लागतो. तुमच्या सोळा आण्यांत माणसं पंधरा आण्यांचीच आहेत."

"मग दादाच्या नावावर करा," शेखरकाका लगेच म्हणाला.

"छे, छे. शेखरच्या नावावर करा," पप्पा त्याहून लगेच म्हणाले.

दोघं एकमेकांना पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसा तो आणा वाढायला लागले. नको म्हणण्यात दोघंही पटाईत. पण सृष्टीच्या लक्षात आलं, की आग्रह करताना दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

का बघत नव्हते, ते बिचाऱ्या भारत सरांनी बोलून टाकलं. "हा आणा ज्याच्याकडे जाईल, त्याचे होतात साडेआठ. आणि साडेआठ म्हणजे कंपनी त्याची. पुढे कधी मतभेद झाले, तर त्याचं चालणार."

इतक्या वर्षांत त्या घरात 'मतभेद' हा शब्द कुणी एसीत बसून उच्चारला नव्हता. संधानांकडे भांडणं व्हायची, आणि ती फोडणीच्या आवाजात व्हायची. पण पप्पा खालच्या मजल्यावर, काका वरच्या, आणि मधल्या जिन्याचं दार आजपर्यंत लागलं नव्हतं.

शेवटी पप्पा म्हणाले, "सृष्टीच्या नावावर करू. झालीये अठराची. तिची सही चालेल."

"चालेल," काका म्हणाला. मग जरा थांबून, "निकिताचंही चाललं असतं म्हणा. दर मंगळवारी देवीचा उपास तीच करते."

निकिता म्हणजे काकू. ती तिथे नव्हती, नाहीतर तिनेच टेबलाखाली काकाचा पाय दाबला असता.

"मग चिठ्ठी टाकू," पप्पा म्हणाले.

"चिठ्ठी टाकू," काका म्हणाला, आणि दोघांचेही चेहरे सुटले. भारत सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. अठरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कंपनीचा भागधारक चिठ्ठीने ठरताना त्यांनी पाहिला नव्हता, पण त्यांची फी काही चिठ्ठीवर अवलंबून नव्हती.

चिठ्ठी ही संधानांची जुनी रीत. दोघा भावांचं एखाद्या गोष्टीवर जमलंच नाही, तर पॅकहाऊसमधल्या देवीच्या फोटोपुढे दोन चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठ्या लिहायच्या भागू आत्याने, कारण ती दोघांची मोठी बहीण आणि कुणा एकाच्या बाजूची नाही. उचलायची घरातल्या लहानाने. आणि उरलेली चिठ्ठी न उघडता आत्याने समईवर जाळून टाकायची. देवीने जे नाकारलं ते माणसाने वाचू नये, असं आत्या सांगायची.

शनिवारी सगळे पिंपळगावला गेले. भागू आत्या पॅकहाऊसच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. हंगाम नसतानाही ती तिथे रोज यायची. गेल्याच हंगामात तिने नुसता वास घेऊन अर्धा टेम्पो माल परत पाठवला होता, आणि मशीनने मग तासाभराने तेच सांगितलं होतं.

"काय रे, गोदाम घेताय का लगीन लावताय? येवढी माणसं!" ती म्हणाली.

"अक्का, चिठ्ठी टाकायचीये," पप्पा म्हणाले, आणि सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं. चाळिशी लावली, वहीचा कागद फाडला, सगळ्यांकडे पाठ फिरवून लिहिलं, घड्या घातल्या आणि देवीपुढच्या वाटीत दोन पुड्या टाकल्या.

"सृष्टे, उचल."

अठराची झाली तरी घरातली लहान तीच. तिने डोळे मिटून एक उचलली. पप्पांनी उलगडली. "सृष्टी," त्यांनी वाचलं, आणि त्यांचा आवाज जरा जास्तच देवळातल्यासारखा झाला.

काकाने फोटोसमोर हात जोडले. कुंकवाचं बोट सृष्टीच्या कपाळाला लावलं. "झाली बाई तू आमची मालकीण," असं म्हणून हसला. ते हसू तोंडापुरतंच होतं. मग टेम्पोच्या टायरमध्ये हवा कमी आहे म्हणत बाहेर गेला. चहा तसाच राहिला. शेखरकाकाने चहा ठेवून जावं, ही गोष्ट सृष्टीने जन्मात पाहिली नव्हती. मागोमाग पप्पाही गेले, मम्मीही गेली.

आत्याने उरलेली पुडी घ्यायला हात पुढे केला. पण सृष्टीचा हात त्याआधी वाटीत होता.

खरं तर तिला नुसतं बघायचं होतं, आत्याने काकूचं नाव ऱ्हस्व लिहिलंय की दीर्घ. तेवढ्यावरून ती आत्याला दोन दिवस चिडवणार होती. तिने पुडी उलगडली.

"सृष्टी."

दुसऱ्या चिठ्ठीवरही सृष्टीच.

"आत्या!"

"वरडू नको. दे इकडं." आत्याने चिठ्ठी ओढून घेतली आणि समईवर धरली. "भायेर टेम्पोवाले हायेत."

"तू दोन्हीवर माझंच नाव लिहिलंस?"

"मग काय? वीस वर्सं करते. येक शिकली-सवरलेली पोर तू, आन आत्ता कळतंय तुला."

"म्हणजे पॅकहाऊस हायवेला घ्यायचं ठरलं, ते?"

"मी."

"कांद्याचा धंदा सोडून नुसती द्राक्षं करायची, ते?"

"मीच. तुझा बाप आठ दिवस जेवला नव्हता नीट. आता बघ, सोताच सांगत फिरतो, देवीनं वाचवलं म्हणून."

"आणि माझं नाव? तेही चिठ्ठीनेच ठेवलं होतं ना?"

"त्या चिठ्ठ्या तुझ्या आईनं लिवल्या. माझ्याकडूनच शिकली ती. हुशार हाय."

सृष्टी तिथल्याच क्रेटवर बसली. राज्यघटनेत काहीतरी चुकीचं छापलंय असं कळल्यावर नागरिकशास्त्राच्या बाईंचं होईल, तसं तिचं झालं होतं.

"आत्या, ही फसवणूक आहे."

"कसली गं फसवणूक? दोघंबी हट्टी. येकाचं ऐकलं की दुसरा रुसणार. देवीचं ऐकलं तर कुणी रुसत नाय. आन देवीला काय हा येकच धंदा हाय का, ह्यांचे टेम्पो मोजायचा? मी नीट इचार करायचे, आन लिवायचे. कधी ह्याच्या बाजूनं, कधी त्याच्या. मोजलं तर सारखंच भरंल."

"पण मग माझं नाव का?"

"तू तोंडावर इचारतीस. घरात तेवढी येकच हायेस. आणा तुझ्याकडं, आन मी तुझ्या कानाशी. झालं."

"मग सरळ तुझंच नाव का नाही लिहिलंस?"

आत्याने समईची वात उगाच वर केली. मग पदर सारखा केला. तो आधीच सारखा होता.

"माझं नाव सातबाऱ्यावरनं मीच काढून दिलंय. हक्कसोड म्हंत्यात. तलाठ्याकडं जाऊन सही केली, दोघांनी साडी घेतली. भारी व्हती, खोटं नाय सांगत. सगळ्याच बहिणी देत्यात. आता परत नाव घाला म्हनून मी कोणत्या तोंडानं सांगू? आन तू कुणाला बोलायचं नाय. शपथ हाय. ह्या चिठ्ठ्यांवरला इस्वास गेला ना, तर वरचा मजला वायला आन खालचा वायला."

सृष्टीने शपथ घेतली. तिच्या आयुष्यातली ही पहिली अशी गोष्ट होती, जी रोशनीला सांगायची नव्हती.

परत येताना पप्पा गाडी चालवता चालवता शीळ घालत होते. द्वारका चौकात नेहमीसारखी ट्रॅफिक तुंबली होती, तरीही शीळ थांबली नाही. इतर वेळी त्या चौकात पप्पा जे बोलतात ते वहीत लिहिता येत नाही.

"चला," ते स्टेअरिंगवर बोटांनी ताल धरत म्हणाले, "आता आपलं साडेआठ झालं."

'आपलं' हा शब्द सृष्टीने जन्मापासून ऐकला होता. आपलं पॅकहाऊस, आपला टेम्पो, आपली फवारणी राहिली. त्यात वरचा मजला कायम धरलेला असायचा. तिने ठेवणीतला आवाज काढून विचारलं, "आपलं म्हणजे कुणाचं, पप्पा?"

"आपलं म्हणजे आपलं गं," पप्पा म्हणाले, आणि सिग्नल सुटला.

मम्मी बाजूच्या सीटवरून आरशात सृष्टीकडे बघत होती.

त्या संध्याकाळी वरून काकाच्या बातम्यांचा आवाज आला नाही. एरवी तो इतका मोठा असायचा, की खालच्या लोकांनी टीव्ही लावायची गरज नसे. काकूने सांगितलं, दमलेत, पडलेत. नंतर सृष्टी जिन्यातल्या फिल्टरवर बाटली भरायला गेली, तेव्हा वरचं दार ओढून घेतलेलं होतं. कडी नव्हती लावलेली. नुसतं ओढलेलं. सृष्टी तिथे बाटली हातात धरून किती वेळ उभी होती, ते बाटली वाहायला लागली तेव्हा तिला कळलं.

वादविवाद स्पर्धेत एक सोय असते. बाजू आधीच दिलेली असते. इथे ती स्वतःच निवडायची होती, आणि सगळ्यात चांगला मुद्दा बोलायचाच नाही अशी शपथ होती. तिने विचार केला. काकूच्या नावावर केलं तर पप्पांचं दार ओढलं जाणार. दोघींच्या नावावर अर्धा-अर्धा केला, तर आठ-आठ होऊन आयुष्यभर बरोबरी. भांडण सोडवायला मग कोण? आणि स्वतःच्या नावावर ठेवला, तर प्रत्येक वेळी ती जे म्हणेल ते पप्पांच्या मुलीचं म्हणणं असेल. काका हात जोडून मान्य करेल. चहा मात्र तसाच ठेवून जाईल.

सकाळ रविवारची होती. मम्मी धिरडी घालत होती. टेबलावर सृष्टीच्या ताटाशेजारी भारत सरांनी पाठवलेला फॉर्म, आणि फॉर्मवर पप्पांचं ठेवणीतलं पेन.

"कर सही," पप्पा म्हणाले. "पहिली मोठी सही. फोटो काढतो थांब."

सृष्टी उठून उभी राहिली. स्पर्धेत राहतात तशी, हात मागे बांधून. मग तिला वाटलं हे काही स्टेज नाही, म्हणून ती पुन्हा बसली आणि पेन टोपण लावून पप्पांच्या बाजूला सरकवलं.

"पप्पा, मम्मी, मी ठरवलंय. मी सही करणार नाही. देवीचा आणा भागू आत्याच्या नावावर करायचा."

पप्पांचा मोबाइल फोटोच्या तयारीत हवेत राहिला. "अक्काच्या? अगं, तिचा काय संबंध कंपनीशी? आणि चिठ्ठीत तुझं नाव निघालं. देवीने दिलंय. देवीला नाही म्हणतेस?"

"नाही कुठे म्हणतेय? देवीने मला निवडलं ना? मग त्या आण्याचं काय करायचं ते मी सांगणार. मी सांगतेय, आत्या."

"हे असं नसतं."

"कसं असतं मग?"

तव्यावरचं धिरडं उलटायला उशीर झाला होता, पण मम्मी ते उलटत नव्हती.

"पप्पा, माल चांगला की वाईट, हे मशीनच्या आधी कुणाला कळतं? आत्याला. तुमचं आणि काकाचं वाजलं की दोघं कुणाकडे जाता? एक आत्ता जातो आणि दुसरा संध्याकाळी जातो, एवढाच फरक. पॅन आहे तिच्याकडे, आधार आहे, सही सुंदर आहे. आणि ती तुमचीही बहीण आहे, काकाचीही."

"पण बेटा," पप्पांचा आवाज खाली आला, "मग आपले साडेसातच राहतात."

"काकाचेही साडेसातच राहतात."

पप्पांनी मम्मीकडे बघितलं. दीपक संधान अडचणीत सापडले की इकडेच बघत.

"देवीनेच तिला सुचवलं असेल," मम्मी म्हणाली, आणि जळकं धिरडं शांतपणे पप्पांच्या ताटात वाढलं.

पप्पांनी ते धिरडं बघितलं. फॉर्म बघितला. "अक्का कधी हो म्हणायची नाही," ते म्हणाले, पण आता ते नाही म्हणत नव्हते. वाट शोधत होते.

"तिला तुम्ही विचारायचं. दोघांनी मिळून, पिंपळगावला जाऊन, तिच्या दारात बसून." सृष्टी उठली. हाताला लागलेली चटणी तिने नॅपकिनला पुसली आणि तो फॉर्म उचलला. "आणि माझा निर्णय मी आत्ताच वर जाऊन काकालाही सांगणार आहे. तुम्ही येताय का बरोबर, की मी एकटी जाऊ?"